लिटर आणि किलो यांचा हिशेब

गाडीवेड्या मंडळींमध्ये हायब्रिडवरून, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेच्या मोटरची जोड असलेल्या गाड्यांवरून, जो वाद सध्या रंगतो, त्यात दोन्ही बाजू हिरिरीने बोलतात, पण दोघांच्याही हातातली मोजपट्टी चुकीची असते. एक बाजू ‘लिटरला किती देते’ एवढ्या एका आकड्यावर गाडीची थोरवी ठरवते. दुसरी बाजू अश्वशक्ती आणि शून्य ते शंभरचे सेकंद पुढे करते, आणि पेट्रोल वाचवणारी गाडी चालवण्याचा आनंद देऊच शकत नाही, असे गृहीत धरून बोलते. माझे मत स्पष्ट आहे. हायब्रिडची पारख दोनच गोष्टींवर व्हावी: चालवणाऱ्याच्या रोजच्या रस्त्यावर ती प्रत्यक्षात किती लिटर इंधन वाचवते, आणि त्यासाठी ती किती किलो जादा वजन वागवते. ही मोजणी मान्य केली की काटकसरी हायब्रिड आणि वेगवान हायब्रिड या दोन जाती उरत नाहीत. चांगल्या रीतीने बांधलेली गाडी आणि नियमांची पळवाट म्हणून बांधलेली गाडी असा खरा भेद समोर येतो. सरकारच्या करधोरणालाही हाच भेद अजून दिसलेला नाही, म्हणून हा वाद हौशी लोकांपुरता ठेवून चालणार नाही.

आधी यंत्राकडे पाहू, कारण निम्मे गैरसमज तिथेच आहेत. पेट्रोल इंजिन हलक्या भाराखाली फार उधळे असते. संध्याकाळी पुण्याच्या कर्वे रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीत इंजिन आपल्या क्षमतेचा जेमतेम काही भाग वापरत असते आणि तेवढ्यासाठी जळणाऱ्या इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता म्हणून वाया जाते. स्ट्राँग हायब्रिडमध्ये, म्हणजे मोटर एकटीही गाडी ओढू शकते अशा गाडीत, हे रांगण्याचे काम विजेची मोटर करते, इंजिन बंद राहते, आणि जेव्हा सुरू होते तेव्हा ज्या टप्प्यात ते सर्वांत काटकसरीने चालते तिथे त्याला ठेवले जाते. अशा गाड्यांतली ॲटकिन्सन पद्धतीची, म्हणजे शक्तीपेक्षा काटकसरीला प्राधान्य देणारी, इंजिने अनुकूल स्थितीत इंधनातल्या ऊर्जेपैकी सुमारे ४० टक्के ऊर्जा कामाला लावतात. त्यात भर पडते ती ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या विजेची. पण बॅटरी लहान असते. ग्रँड विटारासारख्या गाडीत ती एक किलोवॅट-तासाहूनही कमी क्षमतेची आहे. खंडाळ्याचा घाट उतरताना ती लवकर भरते आणि त्यानंतरची उताराची ऊर्जा तिला साठवता येत नाही. द्रुतगती मार्गावर ताशी शंभरच्या वेगाने गाडी एकसारखी जाऊ लागली की इंजिन तसेही बऱ्या टप्प्यात असते, ब्रेक क्वचित लागतो, आणि हायब्रिडचा फायदा झपाट्याने आटतो. म्हणजे एकाच गाडीबद्दल दादरचा माणूस ‘कमाल आहे’ म्हणेल आणि आठवड्यातून दोनदा नाशिकला जाणारा ‘काही विशेष नाही’ म्हणेल, आणि दोघेही खरेच बोलत असतील. मग या दोघांनी एकमेकांना खोटे ठरवण्यात संध्याकाळ का घालवावी?

आता आकड्यांकडे येऊ. लिटरला किती किलोमीटर ही आपल्याकडची जुनी मोजणी, पण ती बचत झाकते. लिटरला १० किलोमीटर देणाऱ्या गाडीऐवजी १३ देणारी घेतली तर हजार किलोमीटरमागे २३ लिटर पेट्रोल वाचते. २० ऐवजी २७ देणारी घेतली तर वाचतात फक्त १३ लिटर. तीन किलोमीटरची वाढ सातच्या वाढीला मागे टाकते, हे मनाला पटत नाही, कारण मन वजाबाकी करते आणि इथे गरज भागाकाराची असते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या लॅरिक आणि सोल या संशोधकांनी २००८ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात नेमका हाच भ्रम दाखवून दिला होता. आपल्या बाजारातले ताजे उदाहरण घ्या. बाजारात आल्या तेव्हाच्या अधिकृत आकड्यांनुसार साधी पेट्रोल इनोव्हा हायक्रॉस लिटरला १६.१३ आणि तिची हायब्रिड आवृत्ती २३.२४ किलोमीटर देते. ग्रँड विटारात माइल्ड हायब्रिड (जिची लहान मोटर इंजिनाला फक्त मदत करते) २१.११ आणि स्ट्राँग हायब्रिड २७.९७. दोन्हीकडे वाढ सुमारे सात किलोमीटरचीच. पण हजार किलोमीटरमागे हायक्रॉस १९ लिटर वाचवते आणि ग्रँड विटारा १२ लिटरांहून थोडे कमी. देशाच्या दृष्टीने, आणि मालकाच्या खिशाच्या दृष्टीनेही, मोठ्या आणि जड गाडीचे हायब्रिड होणे अधिक मोलाचे आहे. तरीही चर्चेत मान मिळतो तो अठ्ठावीसच्या आकड्याला. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर लागतात हे सांगण्याची रीत आहे. आपण ती उचलली तर यातला बराचसा वाद जन्मालाच येणार नाही.

विरोधकांचा पहिला मुद्दा मात्र भक्कम आहे, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पेट्रोलचा दर लिटरला १०४ रुपये धरला आणि वर्षाला दहा हजार किलोमीटर प्रवास धरला, तर वरच्याच आकड्यांनी हायक्रॉसमध्ये वर्षाला सुमारे वीस हजार आणि ग्रँड विटारात बारा हजारांच्या आसपास बचत होते. हायब्रिडसाठी समजा अडीच लाख जादा मोजले, तर ते वसूल व्हायला पहिल्या गाडीत बारा वर्षांहून अधिक आणि दुसरीत वीस वर्षांच्या आसपास लागतील. शिवाय हे आकडे प्रयोगशाळेतले. आपल्या चाचणीच्या चक्रात वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जातच नाही, आणि मे महिन्यात नागपूरच्या सिग्नलवर चालू ठेवावा लागणारा एसी तिथे नसतो. तेव्हा रविवारी सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत आणि एरवी भाजी मंडईपर्यंत जाणाऱ्या कुटुंबाने केवळ पैशांच्या हिशेबाने हायब्रिड घेऊ नये, हे मी हायब्रिडचा पुरस्कर्ता असूनही म्हणेन. पण हाच हिशेब वर्षाला पन्नास हजार किलोमीटर धावणाऱ्या पर्यटक टॅक्सीला लावला तर हायक्रॉसची वार्षिक बचत लाखाच्या घरात जाते आणि अडीच लाख अडीच वर्षांत फिटतात. ‘हायब्रिड परवडते का’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. कोणाला, कुठल्या रस्त्यावर आणि किती किलोमीटरला, हे जोडल्याशिवाय त्याचे उत्तर देताच येत नाही.

हा धडा आपण एकदा महागात शिकलेलो आहोत. २०१२ च्या सुमारास सरकारी अनुदानामुळे पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरात एका वेळी लिटरमागे तीस रुपयांच्या आसपास तफावत होती. ती पाहून ज्यांचे महिन्याचे चालवणे पाचशे किलोमीटरही नव्हते, अशा असंख्य कुटुंबांनी लाखभर जादा मोजून डिझेल गाड्या घेतल्या. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर पूर्णपणे नियंत्रणमुक्त झाले, तफावत आक्रसली, दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी आली, आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक नियम लागू होताना मारुतीने डिझेल इंजिने बनवणेच थांबवले. त्या खरेदीत यंत्राचा काहीही दोष नव्हता. लांब पल्ल्याच्या माणसासाठी डिझेल तेव्हाही उत्तम होते. दोष होता तो आपले किलोमीटर न मोजता शेजाऱ्याचा आकडा स्वतःला लावून घेण्याच्या सवयीचा, आणि ती सवय हायब्रिडच्या चर्चेत जशीच्या तशी उतरली आहे.

दुसरी बाजू वेगाच्या चाहत्यांची. हायब्रिड म्हणजे काटकसर आणि काटकसर म्हणजे कंटाळा, हे समीकरण तर मोटारींच्या शर्यतींनीच कधीचे मोडीत काढले आहे. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत २०१२ मध्ये ऑडीच्या हायब्रिड गाडीने जिंकली आणि त्यानंतर पोर्शे, टोयोटा, फेरारी यांच्या हायब्रिड गाड्या तिथे जिंकत आल्या. फॉर्म्युला वनमध्ये २०१४ पासून १.६ लिटरचे टर्बो (जादा हवा कोंबून शक्ती वाढवणारे) इंजिन आणि विजेची मोटर अशी जोडी आली, शर्यतीत १०० किलोपेक्षा जास्त इंधन वापरता येणार नाही असा नियम झाला, आणि २०१७ मध्ये मर्सिडीजने आपल्या इंजिनाची उष्मीय कार्यक्षमता चाचणीमंचावर ५० टक्क्यांच्या पुढे गेल्याचे सांगितले. इंधनाला मर्यादा घातली की प्रत्येक वाचवलेला थेंब वेगात बदलतो. तिथे काटकसर आणि वेग यांत भांडण उरतच नाही. २०२६ च्या नियमांत विजेच्या मोटरचा वाटा जवळपास निम्म्यावर नेलेला आहे. ज्या ऊर्जेला घरगुती गाडी ‘वाचलेले पेट्रोल’ म्हणते, तिलाच शर्यतीची गाडी पुढच्या सरळ रस्त्यावरचा धक्का म्हणून वापरते. ब्रेकमध्ये वाया जाणारी ऊर्जा परत मिळवायची आणि ती कुठे खर्चायची हे ठरवायचे, इतकेच मूळ तत्त्व दोन्हीकडे आहे. फर्डिनांड पोर्शे यांनी इंजिन, जनित्र आणि चाकांतल्या मोटरी असलेली गाडी १९०० सालीच बांधली होती, तेव्हा हे कालपरवाचे फॅडही नव्हे.

चाहत्यांची नाराजी मात्र निराधार नाही. ई-सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेली स्वयंचलित यंत्रणा, असलेल्या हायब्रिडमध्ये पाय दाबला की इंजिनाचा आवाज आधी चढतो आणि वेग मागाहून येतो, ही तक्रार रास्त आहे. ताम्हिणी घाटात अशी गाडी हाताशी बोलत नाही. होंडाने २०२५ मध्ये हायब्रिड म्हणून परत आणलेल्या प्रिल्यूडमध्ये खोटे गिअर बदलल्याचा भास निर्माण करणारी सोय द्यावी लागली, यातच त्या तक्रारीची कबुली आहे. आणि वजनाचे काय? नव्या, हायब्रिड झालेल्या बीएमडब्ल्यू एम-५ ची शक्ती ७२७ अश्वशक्ती आहे, जुन्या एम-५ कॉम्पिटिशनची ६२५ होती. तरीही नवी गाडी शंभरचा वेग ३.५ सेकंदांत गाठते आणि जुनी ३.३ सेकंदांत गाठत असे. शंभर अश्वशक्ती वाढूनही गाडी मागे पडली, कारण ती २,४०० किलोंच्या पुढे गेली आहे, जुनीपेक्षा चारशे किलोंहून अधिक. मर्सिडीजच्या सी-६३ मध्ये चार लिटरचे व्ही-८ काढून दोन लिटरचे चार सिलिंडरी इंजिन आणि मागे मोटर बसवली. कागदावर शक्ती ६८० पर्यंत चढली, पण गाडीचे वजन दोन टनांच्या पलीकडे गेले आणि चाहत्यांनी तिला मनापासून स्वीकारले नाही. वळणावर वजन लपत नाही, ब्रेक लावताना तर अजिबातच नाही. ‘हायब्रिडने आमच्या गाड्या जड केल्या’ असे या लोकांनी म्हटले, तर त्यांना जुनाट ठरवून मोकळे होता येणार नाही.

पण मग पोर्शेच्या ९११ जीटीएसचे काय म्हणायचे? २०२४ मध्ये ती हायब्रिड झाली. तिची बॅटरी फक्त १.९ किलोवॅट-तासाची, एक छोटी मोटर गिअरबॉक्समध्ये आणि दुसरी थेट टर्बोवर बसवलेली. वजन वाढले ५० किलो, शक्ती वाढली ६१ अश्वशक्ती, आणि जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंग या शर्यतमार्गावर ती आपल्या आधीच्या आवृत्तीपेक्षा ८.७ सेकंदांनी वेगवान ठरली. टर्बोची जी जुनी खोड, पाय दाबल्यावर क्षणभर वाट पाहायला लावण्याची, तीच इथे विजेने घालवली. याच ९११ च्या चाहत्यांनी १९९७ मध्ये हवेने थंड होणारे इंजिन जाऊन पाण्याने थंड होणारे आले तेव्हा गाडीचा आत्मा गेला म्हणून शोक केला होता. टर्बोच्या बाबतीतही तेच झाले. १९७७ मध्ये रेनॉने फॉर्म्युला वनमध्ये टर्बो आणला तेव्हा त्याची टिंगल झाली, १९७९ मध्ये फ्रान्समधील दिजाँ येथे रेनॉच्याच टर्बो गाडीने शर्यत जिंकली, आणि आज आपल्याकडच्या लहान हॅचबॅकमध्येही टर्बो असतो. म्हणून प्रत्येक नवी गोष्ट चांगलीच, असा निष्कर्ष मी काढत नाही. एम-५ आणि सी-६३ त्याला आड येतात. माझा प्रश्न वेगळा आहे. एकाच काळात, एकाच देशात, त्याच दर्जाचे अभियंते एकीकडे ५० किलोंत काम भागवतात आणि दुसरीकडे चारशे किलोंपर्यंत जातात, असे का व्हावे?

त्याचे उत्तर अभियांत्रिकीत नाही, नियमांत आहे. एम-५ ही प्लग-इन हायब्रिड, म्हणजे मोठी बॅटरी बाहेरून चार्ज करता येणारी गाडी आहे. युरोपच्या चाचणीत अशा गाडीचा बराचसा प्रवास घरी चार्ज केलेल्या विजेवर होईल असे गृहीत धरले जाते, आणि त्या गृहीतकावर, बाजारात आली तेव्हा, तिचा अधिकृत इंधनवापर शंभर किलोमीटरला दोन लिटरांहून कमी भरला. बॅटरी रिकामी झाली की तीच गाडी दहा लिटरांच्या आसपास पिते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांतून गोळा केलेली माहिती जाहीर केली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडांचे प्रत्यक्ष उत्सर्जन अधिकृत आकड्याच्या साडेतीन पट निघाले. साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांत हा फरक २० टक्क्यांच्या आसपास होता. ते गृहीतक २०२५ पासून टप्प्याटप्प्याने कडक केले जात आहे, पण तोवर जड बॅटऱ्यांच्या गाड्यांची एक पिढी बाजारात येऊन गेली. पेट्रोल वाचवणाऱ्याची फसवणूक आणि वेगाच्या चाहत्याची निराशा एकाच ठिकाणी जन्मली आहे, आणि हे दोघे मात्र एकमेकांना दोष देत बसले आहेत.

आपल्याकडे हीच चूक आपण वेगवेगळ्या रूपांत केली आहे. २०१५ मध्ये विजेच्या आणि हायब्रिड गाड्यांना अनुदान देणारी केंद्राची ‘फेम’ योजना आली तेव्हा लहानशा मोटरच्या मदतीने चालणाऱ्या माइल्ड हायब्रिड सियाझ आणि अर्टिगा यांनाही अनुदान मिळाले, कारण त्यांच्यावर हायब्रिड अशी पाटी होती. २०१७ मध्ये ते बंद झाले. त्याच वर्षी जीएसटी आला आणि दुसऱ्या टोकाची चूक झाली: मोठ्या हायब्रिडवर उपकरासह ४३ टक्के कर बसला. सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेत तो ४० टक्के झाला, पण तेवढ्याच आकाराच्या साध्या पेट्रोल गाडीवरही ४० टक्केच आहे. पेट्रोल कमी जाळल्याचे बक्षीस शून्य. चार मीटरच्या आत बसणाऱ्या गाडीला सवलत दिली म्हणून डिकी कापलेल्या सेदान गाड्या जन्माला आल्या. डिसेंबर २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दोन हजार सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांच्या नोंदणीला मनाई झाली, तेव्हा काही आठवड्यांत १.९९ लिटरचे इंजिन बाजारात हजर झाले. हवा किती स्वच्छ झाली हा प्रश्न बाजूला राहिला, सीसी मात्र नियमात बसले. महाराष्ट्रात मोटार वाहन कर गाडीच्या किमतीच्या टक्केवारीने लागतो आणि पेट्रोल गाड्यांना किंमत वाढत जाईल तसे टप्पे वरचे लागतात. म्हणजे बॅटरी आणि मोटर यांसाठी मोजलेल्या जादा रकमेवर ग्राहक पुन्हा कर भरतो, आणि वीस लाखांची रेषा ओलांडली तर टक्काही वाढतो. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये स्ट्राँग हायब्रिडांचा नोंदणीकर माफ केला, तेव्हा त्यावर उद्योगात मोठा वाद झाला. पण ती माफीही पाटीवरच बेतलेली होती, लिटरांवर नाही.

विजेवरच्या गाड्यांचे समर्थक इथे एक गंभीर हरकत घेतात: हायब्रिड अखेर पेट्रोलच जाळते, तिला सवलत म्हणजे जुन्या व्यवस्थेला मुदतवाढ, आणि देशात विजेच्या गाड्यांवर झालेली गुंतवणूक त्यामुळे कमकुवत होते. यातला पहिला भाग निर्विवाद खरा आहे. शहरात, घरी चार्जिंगची सोय असलेल्या माणसासाठी विजेची गाडी हायब्रिडपेक्षा सरस आहे, हे मीही मानतो. पण ज्या सोसायटीत पार्किंगची जागाच नावावर नाही तिथल्या माणसाचे काय? रात्री अकराला पंढरपूरहून निघून सकाळी विमानतळावर प्रवासी सोडायचा असलेल्या चालकाचे काय? तो आज विजेची गाडी घेत नाही, तो साधी पेट्रोल किंवा डिझेल गाडी घेतो. आपल्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून येते, आणि त्या चालकाने वर्षाला वाचवलेले साडेनऊशे लिटर हे आजचे लिटर आहेत. कर थेट प्रमाणित इंधनवापराशी जोडला तर विजेच्या गाडीला घाबरण्याचे कारण नाही. त्या मोजणीत ती आपोआप सर्वांत वर राहील, चांगली स्ट्राँग हायब्रिड मधे येईल, आणि नावापुरती माइल्ड हायब्रिड साध्या पेट्रोल गाडीच्या शेजारी जाऊन बसेल. कोणाला झुकते माप द्यायचे यावर कारखानदारांनी दिल्लीत भांडण्याची गरजही मग पुष्कळ कमी होईल.

वेगाच्या चाहत्यांनी या मागणीला सर्वांत आधी पाठिंबा द्यायला हवा, कारण लिटर मोजणारा नियम आपोआप किलोही मोजतो: जड गाडीला ढकलायला इंधन लागतेच. येत्या काळात आपल्याकडे जी जोशपूर्ण मॉडेले येतील त्यांत मोटर असणार, हे जवळपास ठरलेले आहे. ती ९११ च्या वाटेने येणार की एम-५ च्या, हे ग्राहक काय विचारतो यावर बरेचसे अवलंबून आहे. साधारण २०० अश्वशक्ती, चौदाशे किलोंच्या आतले वजन, दीड किलोवॅट-तासाची बॅटरी आणि खरे गिअर असलेली हॅचबॅक बांधणे आज अशक्य नाही. त्यासाठी शोरूममधल्या प्रत्येक गाडीच्या काचेवर तीन आकडे ठळक छापणे सक्तीचे व्हावे: शहरात शंभर किलोमीटरला लागणारे लिटर, महामार्गावर लागणारे लिटर, आणि गाडीचे वजन. प्लग-इन असेल तर बॅटरी रिकामी असतानाचे लिटरही. गाड्यांच्या चाचण्यांची जबाबदारी असलेली एआरएआय ही संस्था पुण्यातच १९६६ पासून उभी आहे आणि हे आकडे काढायला लागणारे चाचणीमंच तिच्याकडे आहेत. शहर आणि महामार्ग यांचे आकडे वेगळे छापायला सांगणारा केंद्राचा एक आदेश पुरेसा आहे.